दुकान खाली आहे

आमच्या घरात 'भाडं' हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. ग्वाल्हेरला किला गेटच्या रस्त्यावर आमचं घर. वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो आणि तळमजल्यावर रस्त्याला लागून एक दुकान होतं, ते अण्णांनी एका सायकलवाल्याला दिलेलं. अण्णा म्हणजे माझे वडील. तर ते दुकान भाड्यानं दिलेलं नव्हतं बरं का, 'वापरायच्या परवानगीनं' दिलेलं होतं. भाडेकरू म्हटलं की तो कायद्यानं चिकटला, मग हातापाया पडा, तो काही उठत नाही, असं आमच्या ओळखीच्या वकीलसाहेबांनी अण्णांच्या डोक्यात पक्कं भरवलं होतं. म्हणून करारनाम्यात भाडं नाही, भाडेकरू नाही. लायसन्स आणि दर महिन्याची फी. आई बापडी विसरायची. "अहो, या महिन्याचं भाडं आलं नाही अजून," असं ती म्हणाली की अण्णा हातातला घास हातातच धरून म्हणायचे, "फी म्हण." आई म्हणायची, "फी शाळेत भरतात. तुम्ही त्याला काहीही म्हणा, पण आणा एकदाची."

शब्दांच्या बाबतीत अण्णा असे काटेकोर. त्यांची नोकरीच शब्दांची होती. जुन्या दरबारी दफ्तरात बसून ते मोडीतले कागद वाचायचे आणि त्यांची हिंदीत नक्कल करायचे. आमचे पूर्वज दक्षिणेतून इथं आले तेच कागद सांभाळायला, आणि पिढ्यान्‌पिढ्या आम्ही तेच केलं. संस्थान विलीन झालं, मध्यभारत झाला, तरी दफ्तर होतं तिथंच राहिलं आणि अण्णाही. मग राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागे कचेऱ्याच्या कचेऱ्या उठल्या. टेबलं, कपाटं, गठ्ठे, बाबू आणि बाबूंची बायकापोरं. अण्णांना भोपाळचा हुकूम आला नाही, आणि इथंच राहा असाही आला नाही. त्यांचं नाव 'फाजील', म्हणजे जास्तीच्या, कर्मचाऱ्यांच्या यादीत गेलं. मोडी वाचणारा माणूस नव्या राज्याला कुठं बसवायचा तेच कळेना. जागा ठरेपर्यंत पगार ठरणार नव्हता, आणि पगार ठरेपर्यंत आगाऊ म्हणून जे थोडंफार मिळायचं त्यात पंधरवडा निघायचा. उरलेला पंधरवडा दुकानाच्या फीवर.

आणि नेमकी तेव्हाच सायकलवाल्यानं फी थांबवली. माणूस गोड बोलायचा. आई त्याची भाभीजी, अण्णा पंडितजी. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे सगळे कचेरीतले बाबू. ते हप्त्यानं सायकली घ्यायचे, पंक्चर काढायला, हवा भरायला यायचे. ते गेले भोपाळला. काहीजण तर हप्ते बुडवून सायकलीसकट गेले. "सब बाबू भोपाल चले गए, पंडितजी, मैं कहाँ से दूँ?" असं तो म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. पण दुकानही सोडायचा नाही. कधी उघडायचा, कधी चार-चार दिवस कुलूप. अण्णा जिन्यातून वाकून बघायचे आणि तसेच परत यायचे. भांडण त्यांच्या स्वभावात नव्हतं. माझ्या होतं, पण मला कोण विचारतंय!

त्याच दिवसांत नगरपालिकेचा कागद आला. घरपट्टी नव्यानं ठरणार होती, म्हणून घरात कुठं काय आहे आणि कोण वापरतं ते मालकानं हिंदीत लिहून द्यायचं होतं. अण्णांचं हिंदी उत्तम, पण अक्षर मोडीच्या वळणाचं, एक शब्द दुसऱ्याच्या गळ्यात पडलेला. दफ्तरातल्या जुन्या माणसांना ते लागायचं, नव्या बाबूंना नाही. म्हणून लिहायला मी बसले. मी तेव्हा इंटरला होते, हिंदी साहित्य घेतलं होतं, आणि अक्षराचा काय तोरा होता म्हणून सांगू!

अण्णा खाटेवर पडल्या पडल्या मराठीत सांगत होते आणि मी हिंदीत उतरवत होते. शेवटी ते म्हणाले, "लिही, वर आम्ही राहतो. दुकान खाली आहे." मी लिहिलं, "ऊपर हम रहते हैं। दुकान खाली है।"

आता यात काय बिघडलं ते सांगते. आपल्या मराठीत दुकान खाली आहे म्हणजे खालच्या मजल्यावर आहे. हिंदीत 'खाली है' म्हणजे रिकामं आहे. लिहायला हवं होतं 'दुकान नीचे है'. पण कॉलेजात हिंदी, बाजारात हिंदी, मैत्रिणींत हिंदी आणि जिन्यावर पाय ठेवला की मराठी, अशी मी वाढलेली. दोन्ही भाषा एकाच डब्यात भरलेल्या. 'आहे'चं 'है' केलं की झालं हिंदी. पुण्याची मुलगी असती तर तिनं अडखळून कुणाला तरी विचारलं असतं, आणि हिंदी घरातल्या मुलीच्या हातून हे झालंच नसतं. असला गाढवपणा आम्ही ग्वाल्हेरकरांनीच करावा.

अण्णा उठून बसले. चष्मा लावला आणि ओळीखालून बोट फिरवत कागद वाचायला लागले. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. "शाई फुटली का?" मी विचारलं. "नाही, ठीक आहे," म्हणाले आणि त्यांनी सही केली. दोन-तीन महिन्यांनी घरपट्टीचं बिल आलं. रिकाम्या जागेला पट्टीत सूट असते हे मला तेव्हा कुठं माहीत! "अण्णा, या खेपेला कमी आलंय," मी म्हटलं. "बरं झालं," ते म्हणाले.

फी थकून चौदा महिने झाले. आईनं किराणेवाल्याकडे स्वतः जायचं सोडलं, मला पाठवायला लागली. तेव्हा कुठं अण्णा वकीलसाहेबांकडे गेले आणि दावा लागला. नोटीस हातात पडताच सायकलवाल्यानं एका सकाळी हातगाडीवर सामान भरलं आणि हजीऱ्याला, गिरण्यांच्या भागात जाऊन दुसरं दुकान मांडलं. जागा तरी सुटली, आई म्हणाली. राहिली फीची वसुली. करार आहे, सही आहे, दोन पेशींत, म्हणजे दोन तारखांत, हुकूमनामा मिळेल, असं वकीलसाहेब म्हणाले. त्यांच्या लेखी सगळं काही दोनच पेशींत व्हायचं.

सायकलवाल्यानं कोर्टात सांगितलं की मी सव्वा वर्षापूर्वीच दुकान सोडलं आहे, फी कसली मागता? हे ऐकून आम्ही घरी हसलो. अख्ख्या किला गेटनं त्याला तिथं पंक्चर काढताना बघितलं होतं!

अण्णांची साक्ष झाली त्या दिवशी मीही कोर्टात होते. अण्णांना बरं नव्हतं, म्हणून आईनं त्यांच्याबरोबर पाठवलं होतं. मागच्या बाकावर बसले होते. अण्णांनी सगळं नीट सांगितलं. मग समोरच्या वकिलानं नगरपालिकेतून आणलेली एक नक्कल काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "दस्तख़त आपके हैं?" अण्णा म्हणाले, "हाँ." "पढ़िए, क्या लिखा है?" अण्णा वाचेनात. मग त्यानंच मोठ्यानं वाचलं, "दुकान खाली है." तारीख सांगितली, ती बरोबर त्या चौदा महिन्यांच्या मध्यात पडत होती. मालक स्वतः लिहून देतो की दुकान रिकामं आहे, मग आमचा माणूस तिथं होता कुठं?

मला तेव्हा कळलं. एकदम कळलं. जुने मुन्सिफ, म्हणजे न्यायाधीश, असते तर त्यांना काही सांगावं लागलं नसतं, ते आपल्यातलेच होते. पण पुनर्रचनेत त्यांची बदली झाली आणि रीवाकडचे एक साहेब आले, त्यांना मराठी औषधालाही येत नव्हतं. त्यांनी अण्णांकडे बघून विचारलं, "यह आप ही का बयान है न?"

 मला वाटलं, आता सांगतील, साहेब, तो मराठी शब्द आहे. तीस वर्षं शब्दांत घालवलेला माणूस, त्याला काय अवघड होतं? अण्णांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "लिखा मेरी बेटी ने है."

संध्याकाळी वकीलसाहेब आमच्याकडे आले. म्हणाले, "फीचं सोडा हो आता. कोर्टात खरं बोलला असाल तर नगरपालिकेला खोटं लिहून पट्टी वाचवलीत, आणि तिथं खरं लिहिलं असेल तर इथं खोटी शपथ घेतलीत. दोन्हीकडून मान तुमचीच. सरकारी माणूस तुम्ही, त्यात फाजील यादीत. मुन्सिफानं निकालात तसा शेरा मारला आणि कुणी तो भोपाळला धाडला, की नोकरीही गेली आणि पेन्शनही." आईनं डोळ्यांना पदर लावला. मी दारात उभी होते. माझ्या एका शब्दानं घर बुडतंय, एवढंच मला कळत होतं, आणि मेले तर बरं असं वाटत होतं.

वकीलसाहेबांनी मग माझ्याकडे बघितलं. "बेटा, तू साक्ष द्यायची. मी मराठीच्या नादात लिहिलं म्हणायचं. आणि वडिलांनी न वाचता सही केली म्हणायचं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. वाचलं असतं तर त्यांच्यासारख्या माणसाला चूक दिसलीच असती, हे मुन्सिफालाही कळतं."

आई म्हणाली, "लग्नाच्या मुलीला कोर्टात उभं करायचं?"  मी अण्णांकडे बघत राहिले. ते नको म्हणतील, निदान म्हणाल्यासारखं करतील, असं वाटलं होतं. आणि बघता बघता मला ते बोट आठवलं. शेवटच्या ओळीवर थांबलेलं. मग कमी आलेलं बिल आणि 'बरं झालं'. वाचलं होतं त्यांनी! चूक माझी होती, शंभर टक्के माझी, पण ती त्यांना दिसली होती. फी तर येत नाही, निदान पट्टी तरी वाचेल, असं म्हणून त्यांनी ती राहू दिली होती. घरात पैसा नव्हता हे मला मान्य आहे. आज माझ्यावर ती वेळ आली असती तर मीही कदाचित तेच केलं असतं. पण मी माझ्या मुलीचं नाव घेतलं नसतं.

"देईन मी साक्ष," मी म्हटलं.

कोर्टात माझं तोंड शाबूत होतं. समोरच्या वकिलानं आधी गोडीत घेतलं. "आप इंटर में हिंदी साहित्य पढ़ती हैं?" "जी." "ख़ाली का अर्थ बताइए." "रिक्त." "तो फिर?" सगळे हसले. मी सांगितलं की घरी आम्ही मराठी बोलतो, वडील मराठीत सांगत होते, मराठीत खाली म्हणजे नीचे. मुन्सिफसाहेबांना ते खरं वाटेना. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या पेशकाराकडे, कोर्टाच्या कारकुनाकडे, बघितलं, तो मराठा घरातला. "जी हुज़ूर," तो म्हणाला, "हमारे यहाँ खाली नीचे को ही कहते हैं." आमच्यातही जागा 'खाली करा' म्हणतातच की, पण ते त्या वकिलाला ठाऊक नव्हतं आणि पेशकाराला आठवलं नाही, हे आमचं नशीब. साहेब हसले. मला वाटलं, सुटले.

पण तो वकील चिवट निघाला. "पिताजी को काग़ज़ दिखाया था?" "जी." "उन्होंने पढ़कर दस्तख़त किए?"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. मी थोड्याच वेळापूर्वी ईश्वराची शपथ घेतली होती, आणि तेव्हा मला देवाची भीती वाटायची, आतासारखी नाही. "नहीं," मी म्हटलं. "बिना पढ़े किए. मुझ पर भरोसा था उनका."

निकाल आमच्या बाजूनं लागला. शेरा नाही, काही नाही. सायकलवाल्यानं हप्त्या-हप्त्यानं पैसे भरले. हजीऱ्याच्या गिरणीकामगारांनी त्याला चांगला हात दिला होता. दोन-तीन महिन्यांत अण्णांची जागाही इथल्याच एका कचेरीत ठरली, पगार ठरला, मागची बाकी मिळाली. आईनं पुरणपोळी केली. अण्णा नगरपालिकेत जाऊन राहिलेली घरपट्टी भरून आले. तिथल्या बाबूनं कारण विचारलं तेव्हा मुलीची चूक म्हणून सांगितलं, असं त्यांनी आईला सांगितलं. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं. 

माझ्याशी ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं असतं आणि ते 'वाचलं नव्हतं' म्हणाले असते तर? कॉलेजात ही गोष्ट माझ्याआधी पोचली होती. प्राध्यापक हजेरी घेताना म्हणायचे, "बैठिए, कुर्सी खाली है," आणि वर्ग खो खो हसायचा. बी.ए.ला मी हिंदी घेतलंच नाही, अर्थशास्त्र घेतलं. ते मला कधी आवडलं नाही. हिंदी का सोडलं, असं अण्णांनी एका शब्दानंही विचारलं नाही, आणि त्याचा राग मला त्या साक्षीपेक्षाही जास्त आला.

नातेवाइकांना मात्र हा किस्सा फुकटचा मिळाला. लग्न असो, मुंज असो, आमचे मामा तो रंगवून रंगवून सांगायचे. मुन्सिफाचा आवाज, पेशकाराचा आवाज, माझी थरथर. मी हसायचे. पंचवीस वर्षं हसत होते मी. अण्णा त्या वेळी तिथून उठून जायचे.

पुढे आई गेली आणि अण्णा माझ्याकडे राहायला आले. माझ्या नोकरीमुळे ग्वाल्हेरातच थाटीपुरला सरकारी क्वार्टर होतं. एका रविवारी माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मंडळी चांगली होती. फराळ झाला, चहा आला, आणि मामांना राहवेना. त्यांनी सुरुवात केली, "हिची हिंदी म्हणजे काय सांगू तुम्हाला..." पाहुणे पोट धरधरून हसले. या खेपेला अण्णा उठून गेले नाहीत. कदाचित गुडघ्यांमुळे असेल. हसणं थांबल्यावर ते म्हणाले, "मी वाचलं होतं."

"काय वाचलं होतं, अण्णा?" मामांनी विचारलं.

"तो कागद. सही करायच्या आधी मी वाचला होता. चूक दिसली होती मला. पट्टी कमी होईल म्हणून मी तशीच राहू दिली. ती कोर्टात खोटं बोलली ते माझ्यासाठी."

 मग मुलाच्या आई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, अजूनही लेकीला पाठीशी घालतायत!" मामा म्हणाले, "अहो अण्णा, तुम्ही वाचला असता तर तुम्हाला चैन पडलं असतं का? सगळ्या ग्वाल्हेरला माहीत आहेत तुम्ही." सगळे पुन्हा हसले, जरा हळवे होऊन.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना दुसरं काही नको होतं. मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. त्या खोलीत हे खरं आहे हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाचं कुणी ऐकत नव्हतं. त्यांचे ओठ थोडे हलले. मी सगळ्यांचे कप गोळा केले, ट्रेमध्ये ठेवले आणि म्हटलं, "अण्णा, पुरे आता. पाहुण्यांना उशीर होतोय."

पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून मी तसं केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. कोर्टात मी खोटं बोलले ते त्यांना वाचवायला, आणि त्या रविवारी गप्प राहिले ती रागानं. अण्णा त्यानंतर सहा महिने जगले. त्या सहा महिन्यांत मी त्यांना वेळेवर औषध दिलं, अंघोळ घातली, मऊ भात भरवला, आणि तो एक 'हो' काही दिला नाही.